दाताच्या दवाखान्यातलं झाड

सोमवार, ३ फेब्रुवारी

काल माझ्या दवाखान्याचं उद्घाटन झालं. इतकी वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली लोकांचे दात काढले, आता स्वतःच्या पाटीखाली काढणार. पाटीवरचं नाव जरा मोठं झालंय असं बायकोचं मत. रस्त्यापलीकडून दिसायला हवं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पलीकडच्या रस्त्यावरूनही दिसतंय."

सासऱ्यांनी भेट म्हणून झाड दिलं. माझ्या खांद्याला लागेल एवढं, पिळाच्या खोडाचं, बारीक चकचकीत पानांचं. फायकस म्हणतात त्याला, वडाच्या भावकीतलं. टेम्पोतून उतरवताना त्यांनी स्वतः हात लावला. "जावईबापू, दवाखान्यात काहीतरी जिवंत असावं," म्हणाले. सासरे तुरुंगाधिकारी होते. सगळी हयात तुरुंगात गेली, म्हणजे नोकरीनिमित्त. मोठमोठे दरोडेखोर त्यांच्यासमोर मान खाली घालायचे, मीही घालतो.

पाहुण्यांना नुसत्या चहा-बिस्किटांवर सोडणं मला पटेना. म्हणून हिरड्यांच्या रोगावर छोटंसं व्याख्यान दिलं. हातात प्लास्टिकचा जबडा आणि मागे पडद्यावर फोटो, जवळून काढलेले, रंगीत. लोक इतके रंगले की बिस्किटं जशीच्या तशी उरली. सासरे पहिल्या रांगेत होते. सडलेल्या दाढेचा फोटो आल्यावर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. भारावले असावेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चौथा दिवस. पेशंट कमी आहेत, पण नव्याची नवलाई म्हणतात ती सुरू व्हायलाही वेळ लागतोच.

पुढच्या टेबलावर बसायला बाई मिळाल्या आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका. घरी बसवत नाही म्हणून आल्या. त्यांच्या धाकाने पेशंट सरळ बसतात. काल एक साठीचे गृहस्थ पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात वर करून विचारत होते.

मी एक नवी पद्धत सुरू केली आहे. प्रत्येक पेशंटला आल्या आल्या कोमट मिठाचं पाणी. मोठा ग्लास. चूळ भरायची, तोंड स्वच्छ, मग आत यायचं. मीठ चांगलं सढळ हाताने घालायचं, अशी बाईंना सूचना आहे. बेसिन आतल्या खोलीत आहे, बाहेर नाही. मला वाटलं होतं लोक तक्रार करतील. पण लोक हुशार असतात. ग्लास मुकाट्याने रिकामे होऊन परत येतात, फरशीवर थेंब नाही.

संध्याकाळी सासरे आले. "झाड बघायला आलोय," म्हणाले. बाईंच्या नियमाप्रमाणे खुर्चीवर बसला तो पेशंट, त्यामुळे त्यांनाही ग्लास मिळाला. गालाला हात लावून बराच वेळ झाडाकडे बघत बसले. मी बाहेर येऊन विचारलं, "काय बाबा, कसं वाटतंय?" तर दचकून उभे राहिले आणि निघून गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झाडाखाली पानं पडली आहेत. पिवळी नाहीत, चांगली हिरवीगार. बाईंनी सुपलीत भरून टेबलावर आणून ठेवली, जशी काही मीच वर्गात कचरा केला.

निदान सोपं होतं. झाड एसीच्या बरोबर खाली आहे, गार झोत अंगावर येतो. खिडकीशी नेलं. चष्म्याचं दुकान चालवणारे शेजारी मदतीला आले. भला माणूस, पण जीभ तिखट. झाड उचलता उचलता म्हणाले, "डॉक्टर, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुमचं कसं चाललंय?"

आज एक पेशंट खुर्चीवरून उठून गेले. तोंड उघडून बसले होते, मी त्यांना दाढेत कीड कशी शिरते, मज्जेपर्यंत कशी पोचते, पू कुठे साठतो आणि दुर्लक्ष केलं तर जबड्याचं काय होतं, हे नीट क्रमाने सांगत होतो. पेशंटला पूर्ण माहिती असावी या मताचा मी आहे. तेवढ्यात त्यांना महत्त्वाचा फोन आला. फोन वाजल्याचं मात्र मला ऐकू आलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खिडकीशी ऊन जास्त होतं बहुतेक. आणखी पानं गेली. दाराजवळ आणलं. तहान लागली असेल म्हणून पाणीही घातलं. थोड्या वेळाने वाटलं पुरेसं नव्हतं, म्हणून परत घातलं. बाई म्हणाल्या त्यांनीही सकाळी घातलं होतं. असो, पाण्याने कुणाचं वाईट झालंय?

सासरे आले. झाड बघून चेहरा पडला. मी बिस्किटं पुढे केली तर नको म्हणाले. गार पाणीही नको. ते बिस्किटाला नाही म्हणतात म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मी म्हटलं, "बाबा, काळजी करू नका, मी मुळापर्यंत जाणार." त्यांचा रंगच उडाला. "मुळापर्यंत कशाला?" म्हणाले. "आपोआप बरं होतं पुष्कळदा."

बायकोला म्हटलं, तुझे बाबा माझ्यावर नाराज आहेत. ती म्हणाली, "घरी पण नीट जेवत नाहीत म्हणे. आई सांगत होती." म्हणजे बघा, एका झाडासाठी. इतकं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

झाड आता भांग पाडल्यासारखं दिसतं. एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला काड्या. काड्यांची बाजू भिंतीकडे केली होती, पण दारातून येणाऱ्याला नेमकी तीच पहिल्यांदा दिसते. आज एक जोडपं आलं. बायको झाडाकडे बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. तो म्हणाला, "नंतर येऊ." चष्मेवाले दारातच होते. मला म्हणाले, "माझ्याकडे प्लास्टिकचं झाड आहे. पानही गळत नाही, गिऱ्हाईकही."

जागेची गोष्ट मनावर घेतली आहे. दारातून वाऱ्याचा झोत येतो, म्हणून झाड आता बाईंच्या टेबलामागे. बाईंना मागे कुणीतरी उभं असल्याचा भास होतो म्हणून दुपारी आतल्या खोलीच्या दाराशी. तिथे माझं कोपर लागतं म्हणून परत पुढे, खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला.

वाचनालयातून घरातल्या झाडांचं पुस्तक आणलं. फायकसच्या पानगळीची डझनभर कारणं दिली आहेत. पाणी कमी, पाणी जास्त, ऊन कमी, ऊन जास्त, झोत, कीड, खत, सगळं. कुठलं कारण ते ओळखायला वेळ लागेल, म्हणून मी सगळ्यांवर एकदम उपाय केला. पाणी कमी केलं आणि थोडं जास्तही दिलं.

मातीवर पांढरा थर दिसतो. बुरशी असणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज शस्त्रक्रिया केली. सविस्तर लिहितो.

सकाळी कुंडीजवळून वास आला. असा वास मी ओळखतो, त्यावर माझी पदवी आहे. कुठेतरी कुजतंय. बाहेरची शोभेची कुंडी उचलून बघितली, तर आत झाडाची खरी कुंडी पाण्यात बुडालेली. शोभेच्या कुंडीला तळाला भोकच नाही! इतके दिवस घातलेलं सगळं पाणी तिथे तळं करून बसलं होतं आणि मुळं त्यात गळ्यापर्यंत.

पेशंट नव्हतेच. झाड आत नेलं आणि दातांच्या खुर्चीवर आडवं केलं. वरचा दिवा लावला. लाळ ओढायच्या नळीने कुंडीतलं पाणी ओढलं. माती सुटी करून मुळं उघडी केली. काही पांढरी, टणक, निरोगी. बाकीची तपकिरी, बोटाने दाबली की लगदा. हातमोजे, कात्री, मऊ ब्रश. कुजलेलं मूळ काढायचं, निरोगी राखायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी? हात आपोआप चालत होते. इतकं छान काम कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मधेच पोस्टात काम करणाऱ्या एक बाई आल्या, बाहेरून खुर्चीवर नजर गेली. "माझ्या आधी नंबर होता का यांचा?"

आमच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "इमर्जन्सी आहे. बसा."

त्या बसल्या. बाईंच्या आवाजापुढे कोण उभं राहणार.

तेवढ्यात दारात सासरे. गुरुवारी ते येतात हे विसरलोच होतो. त्यांचं झाड खुर्चीवर आडवं, प्रखर दिव्याखाली, मुळं लोंबताहेत आणि माझ्या हातात कात्री. मी म्हटलं, "बाबा, या, या! बघा किती आत गेलं होतं. वेळीच लक्ष दिलं असतं तर ही पाळी आली नसती. आता हे सगळं कापून काढायचं."

त्यांनी दाराची चौकट धरली. बारीक आवाजात विचारलं, "भूल दिली का?"

मी हसलो. त्यांच्यात एवढी विनोदबुद्धी आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण ते हसले नाहीत. गेले.

झाड नव्या भुसभुशीत मातीत लावलं, तळाला भोकं असलेल्या कुंडीत, खाली खोल ताटली ठेवून. शोभेची कुंडी छत्र्या ठेवायला दिली.

रविवार, २३ फेब्रुवारी

शस्त्रक्रियेनंतर उरलेली निम्मी पानंही गेली. मी पुस्तक घेऊन बसलो होतो, बायकोने हातातून काढून घेतलं. ती शाळेत गणित शिकवते, उदाहरण शेवटपर्यंत वाचायची तिला सवय आहे.

"हा शेवटचा परिच्छेद वाचलास?"

"त्यात उपाय नाही. म्हणून सोडला."

तिने मोठ्याने वाचलं: "या झाडाला जागा बदललेली सोसत नाही. प्रत्येक हलवाहलवीनंतर ते पानं टाकून नव्या उजेडाशी जुळवून घेतं, आणि जुळवून घेतंय तोवर घाबरलेला मालक त्याला पुन्हा हलवतो. भरपूर उजेडाची, पण थेट उन्हाची आणि झोताची नसलेली एक जागा ठरवावी. बोट मातीत घालून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं. मग झाडाला नव्हे, स्वतःला आवरावं."

वाचून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, लेखकाचा सूर जरा उद्धट आहे.

झाड जिवंत आहे की नाही बघायची पद्धतही त्यात आहे. फांदी नखाने किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. संध्याकाळी दवाखाना उघडून दोघं गेलो. तिने खरवडलं. हिरवं होतं. आम्ही दोघं उगाचच हळू आवाजात बोलत होतो.

जागा ठरवली. पूर्वेची खिडकी, पातळ पडद्याच्या आत, खुर्च्यांच्या रांगेच्या शेजारी. बाईंना फोन करून उद्या खडूने फरशीवर कुंडीभोवती गोल काढून द्यायला सांगितलं. या गोलाबाहेर झाड जाणार नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

झाड म्हणजे आता गोलात उभी केलेली काठी. सासरे आलेच नाहीत. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की त्यांना बरं नाही, नुसती पेज घेतायत, विचारलं तर खेकसतात. बायको काळजीत आहे. मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी, समजावून सांगतो. ती म्हणाली, "नको, तू समजावून सांगू नकोस."

घसा खवखवतो. यंत्राच्या घरघरीवरून, तोंडावरच्या मास्कमधून दिवसभर बोलायचं म्हणजे सोपं नाही.

सोमवार, ३ मार्च

आवाज गेला. सकाळी उठून बायकोला हाक मारली तर नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतू सुजलेत. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. मी खुणेने विचारलं, पेशंटना माहिती कशी देणार? ते म्हणाले, "त्यांना विचारा, हवी आहे का." घशाच्या डॉक्टरांना पेशंटशी कसं वागावं हे कळत नाही. मला तर सुजेचं कारणही नीट सांगितलं नाही.

दवाखाना बंद ठेवायचा विचार होता. बाईंनी घरून पाटी आणि खडू आणला. "लिहा आणि दाखवा. मोजकं लिहा, अक्षर मोठं काढा."

बुधवार, ५ मार्च

विचित्र आठवडा आहे. कुणाला फोन येत नाहीत. पेशंट बसतात, तोंड उघडतात, मी काम करतो, ते उठतात. मला काही सांगता येत नाही म्हणून तेच सांगतात. एकाने लहानपणी दात कसा पडला ते सांगितलं. पोस्टातल्या बाईंनी बधिर झालेल्या तोंडाने आपल्या सुनेचं सगळं सांगितलं, आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे फार बरं वाटतं हो." पुढची तारीखही घेतली.

यामागचं कारण शोधतोय. बहुतेक पडदा. खिडकीला तो पातळ पडदा आल्यापासून खोलीत उजेड छान येतो.

मातीवर पुन्हा तो पांढरा थर. नवी माती, नवी कुंडी, तरी बुरशी! आणि आठवडाभरात मी एक थेंब पाणी घातलं नाही, बाईंनी नाही, तरी माती ओलीचिंब. बोट घालून बघितलं तर किच्च.

गुरुवार, ६ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

एरवी मी आतून "पुढचे!" अशी हाक मारतो, आणि लोक सावरून बसतात. आता हाक नाही. दार ढकलून हाताने बोलवावं लागतं. संध्याकाळी तसंच दार हळूच उघडलं.

खोली भरलेली होती. रांगेच्या टोकाला, झाडाशेजारच्या खुर्चीत, सासरे. माझ्याकडे त्यांची पाठ. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, बाईंचं लक्ष नाही याची खात्री केली, आणि हातातला ग्लास अगदी सराईतपणे कुंडीत ओतला. मीठ-पाण्याचा ग्लास. सगळा.

ओरडायला तोंड उघडलं. हवा आली. पण बाईंनी मान वर केली, त्यांची नजर बघून सासऱ्यांनी मागे बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? आणि मला तर सांगताही येत नव्हतं.

"सगळेच ओततात," सासरे म्हणाले.

मी रांगेकडे बघितलं. पोस्टातल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. एक गृहस्थ छताकडे बघत होते. चष्मेवाले, जे खरं तर गप्पा मारायला आले होते, त्यांनी आपला रिकामा ग्लास हळूच खुर्चीखाली सरकवला.

"मग कुठे थुंकायचं होतं?" कोणीतरी म्हणालं. "बेसिन आत, तुम्ही आत, आणि आत तर जायला नको वाटतं."

बाई उठल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात असं झालं नसावं. पण त्यांनी कुणालाही रागावलं नाही. कुंडीतला पांढरा थर बोटाने उचलला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, "मीठ."

मी पाटी घेतली. सासऱ्यांपुढे धरून लिहिलं: "तुमचंच झाड, बाबा. तुम्ही का?"

त्यांनी वाचलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हात झटकन गालाला गेला. नुसता गालाला नाही, उजव्या जबड्याखाली, कानाच्या किंचित पुढे. तळहात पूर्ण टेकलेला, डोळा बारीक झालेला. अशी माणसं मी दिवसभर बघतो. या माणसाला पाच आठवडे बघत होतो.

"कोमट पाणीसुद्धा लागतं," ते म्हणाले. अगदी हळू. "दर वेळी ठरवून यायचो की आज आत जायचं."

मला खूप काही बोलायचं होतं. खालची दाढ, किती दिवसांपासून, रात्री ठणकते का, आडवं झाल्यावर वाढतं का, इतके दिवस अंगावर का काढलंत, पू पसरला असता तर काय झालं असतं याची कल्पना आहे का. सगळं घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मग मी त्यांच्यापुढे हात धरला. त्यांनी तो धरला. बाईंनी दुसऱ्या बाजूने धरलं. दरोडेखोरांना दरडावणारा माणूस आम्ही दोघांनी असा धरून आत नेला.

खुर्चीवर बसताना त्यांनी आरशाकडे, सुईकडे, कात्रीकडे नजर टाकली आणि डोळे मिटले. मी ट्रे त्यांच्या मागे सरकवला. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा वळवला. यापूर्वी कधी वळवला नव्हता, का कोण जाणे.

दाढ वाईट होती, पण गेलेली नव्हती. खाली पू धरला होता. फोटो काढला, त्यांना दाखवायला पुढे आणला, मग खाली ठेवला.

"काढावी लागेल?" डोळे मिटूनच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना दिसलंच नाही. म्हणून त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"म्हणजे काढणार?"

पाटीवर लिहिलं: "वाचेल." आणि पाटी डोळ्यांसमोर नेऊन टिचकी वाजवली. त्यांनी एक डोळा उघडून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

सुई टोचताना त्यांनी माझ्या कोटाची उजवी बाही घट्ट पकडली. सोडली नाही. मी डाव्या हातानेच जमेल तेवढं काम केलं. दाढ उघडली, पू वाटेला लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेल्यासारखं दिसलं. तोंड अर्धं बधिर असतानाच म्हणाले, "अले, झालं?" आजवर ते मला अहो-जाहो करायचे. पहिल्यांदा अरे म्हणाले.

बाहेर पडताना थांबले. "उद्घाटनाच्या दिवशी तो फोटो दाखवलास ना, दाढेचा. तेव्हा माझी दोन दिवस ठणकत होती. ठरवून आलो होतो, तुला एकट्याला गाठून सांगायचं. आणि तू सगळ्यांसमोर पडद्यावर तीच दाढ..." त्यांनी गाल चाचपला. "मग म्हटलं झाड तरी बघून यावं."

मी पाटी उचलली. पाटी तशीच कोरी त्यांना दाखवली गेली. त्यांनी मान डोलवली, जसं काही वाचलं.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी बायको आणि मी झाड मागच्या अंगणात नेलं. गोलाबाहेर, पण हे शेवटचं. मातीतून मीठ धुऊन काढायला दुसरा उपाय नव्हता. बादलीमागून बादली साधं पाणी हळूहळू ओतायचं, खालून निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. पाणी आधी गढूळ, मग स्वच्छ आलं. पूर्ण निथळल्यावर परत गोलात.

बायको म्हणाली, "बाबा काल पोटभर जेवले. आई फोनवर रडली." मग बादली खाली ठेवून म्हणाली, "ते म्हणाले, जावई ऐकून घेतो." मी आश्चर्याने माझ्या गळ्याकडे बोट केलं. ती खूप वेळ हसत होती, का ते कळलं नाही.

मिठाचं पाणी बंद. बाहेर बेसिन बसवून घेतोय.

शुक्रवार, २१ मार्च

दोन आठवडे झाडाला कुणी हात लावला नाही. मला फार जड गेलं. रोज सकाळी बोट मातीत, कोरडं वाटलं तरच एक तांब्या पाणी, आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. बाई म्हणतात, परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा दिसता.

आज एका काडीच्या टोकाला सुईसारखं टोकदार, पोपटी काहीतरी दिसलं. पेशंटना दाखवलं. चष्मेवाल्यांनी दुकानातून सगळ्यात जाड भिंग आणून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पान आहे." खोलीतल्या सगळ्यांनी रांग लावून बघितलं.

पेशंट वाढले आहेत. बाईंना वही कमी पडते. मी आता पडदा हे कारण सोडून दिलंय. झाडाला पालवी फुटायच्या आधीच लोक येऊ लागले होते, तेव्हा झाडही नाही. कदाचित पाटीवरचं मोठं नाव असेल.

गुरुवार, २७ मार्च

सोमवारी घशाच्या डॉक्टरांनी मौन सोडायला परवानगी दिली. आवाज खणखणीत परत आला आहे, बायकोला माहीत आहे. म्हणाली, दवाखान्यात घाई करू नकोस, घसा नाजूक असतो. बाईंनाही सांगायचं राहिलं.

आज सासऱ्यांच्या दाढेवर टोपी बसवायची होती. त्यांच्यासाठी आणि एकंदर सगळ्यांसाठी घोषणा करायची असं मी ठरवलं होतं. मौनात साठलेली माहिती पुष्कळ आहे. सकाळी आरशासमोर दोन वाक्यं म्हणूनही पाहिली.

ठरल्या वेळी दाराशी गेलो. बाहेर कुजबुज चालली होती. फटीतून बघितलं, तर सासरे एकटे आले नव्हते. सोबत सकाळी फिरायला येणारे त्यांचे चार मित्र, सगळे सत्तरीच्या घरातले. एकाचा हात गालावर, एकाचा हनुवटीवर, एक दाराकडे पाय वळवून बसलेला, कधीही उठेल असा.

"नको रे," तो म्हणत होता. "मी वर्ष काढलं, अजून एक काढीन."

सासरे उभे राहिले. आवाज अगदी जुना, तुरुंगातला. "बस खाली. घाबरायचं काही नाही. माझा जावई आहे. एक अक्षर बोलत नाही."

तो माणूस बसला.

मी दार उघडलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि हाताने खूण करून पहिल्याला आत बोलावलं.